उन्हात न ठेवलेल्या पट्ट्या

ताई : अगं, अशी थेट बुडवू नकोस. नव्या निबेवर तेलाचा हात असतो. आधी जिभेवर धर, मग पूस.

चिमी : शी! या वयात निबा चाटू?

ताई : नाही चाटलीस तर शाई धरणार नाही ती. बघ, घरंगळला थेंब. अळवावरचं पाणी नुसतं.

चिमी : बरं बाई, चाटली. लोखंड लागतंय.

ताई : आता रेघ ओढ. वर जाताना हलकी, खाली येताना दाब.

चिमी : कागद ओरबाडतेय मेली.

ताई : ताठ आहे. ठेव बाजूला. दाबल्यावर फाकते आणि सोडल्यावर मिटते, ती आपली. नातीनं डबाभर आणल्यात, चार तरी धड निघतील.

चिमी : हट्टच धरलाय म्हणे तिनं.

ताई : "आजी, एक तरी फांदी काढून दे." चाळीस वर्षांनी कुणी मागितलं गं मला चित्र. म्हणून शाई नीट पारखून घ्यायची. तिन्ही शायांच्या पट्ट्या कर, अर्ध्या काळ्या कागदानं झाक आणि तुझ्या खिडकीत ठेव. दोन महिन्यांनी कागद काढायचा. उघडी बाजू उडाली असेल तर ती शाई बाद.

चिमी : तुझ्याच खिडकीत ठेव ना.

ताई : माझ्याकडं ऊन कुठं येतं? आणि वाचनालयासाठी फांद्या काढल्या तेव्हाही तूच केलं होतंस. रोजची तारीख घालून.

चिमी : ताई, मला नको सांगूस हे काम.

ताई : का? डोंगर फोडायचाय का?

चिमी : तेव्हाच्या पट्ट्या उन्हात नव्हत्याच.

ताई : म्हणजे?

चिमी : तू कामावर गेलीस की मी त्या कपाटात टाकायची. तू यायच्या आत परत मांडायची. मला त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसायचं असायचं.

ताई : कशाला?

चिमी : समोर टायपिंगचा वर्ग होता.

ताई : आमचे मेहुणे.

चिमी : हो.

ताई : किती दिवस?

चिमी : दोन्ही महिने. तारखा मात्र रोज घातल्या.

ताई : म्हणून दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. आणि मी म्हटलं, तपकिरी शाई काय पक्की आहे!

चिमी : वाटलं, शाईच ती, इतकी काय उडणार? मग वाचनालयाच्या भिंतीवरच्या तुझ्या फांद्या फिकट व्हायला लागल्या...

ताई : बत्तीस होत्या. दोन वर्षांत चहा सांडल्यासारख्या झाल्या. ग्रंथपालांनी रद्दी कागदात गुंडाळून परत दिल्या. वर म्हणाले, "बाई, राग मानू नका."

चिमी : मी होते ना तुझ्याबरोबर.

ताई : होतीस. गठ्ठ्याचं एक टोक तूच धरलं होतंस. घरी येऊन मी म्हटलं, मीच शाईत पाणी जास्त घातलं, मला यातलं कळत नाही, आणि निब खाली ठेवली ती कायमची. तेव्हाही तिथंच होतीस.

चिमी : ताई, लग्न ठरत होतं माझं. वाटलं, तू मोडशील.

ताई : मी? तुझ्या साड्यांना फॉल लावत बसले होते मी.

चिमी : आणि लग्नानंतर सांगायचं तर, इतके दिवस का बोलली नाहीस, हेच विचारलं असतंस. दरवर्षी ते आणखी अवघड होत गेलं.

(ताई निब पुसते. पुसलेलीच पुन्हा पुसते.)

चिमी : बोल ना काहीतरी. शिव्या दे.

ताई : म्हणजे शाई कच्ची होती.

चिमी : हो.

ताई : माझं काही चुकलं नव्हतं.

चिमी : काही नाही, ताई. तुझं काहीच नाही.

ताई : मग चिमे, हात थरथरायला लागायच्या आधी सांगायचंस गं.