मागच्या जिन्याची तपासणी

धाकटा : तू खूश होशील असं वाटलं होतं, ताई. सख्खा भाऊ दवाखान्यात भागीदार झाला, आणि तुझं तोंड बघ.

ताई : कोणत्या दवाखान्यात, ते परत सांग.

धाकटा : नव्या, पाच मजली. आगीची तपासणी तुमच्याच ऑफिसातून होते त्याची.

ताई : मीच करते ती. दाखलाही मीच अडवलाय. मागचा जिना विटांनी बुजवून तिथं औषधांचं दुकान काढलंय त्यांनी.

धाकटा : पुढं आहे की एक जिना.

ताई : तो धुरानं भरला तर माणसं उतरणार कुठून? आणि तुला कसं रे घेतलं? तू फर्निचरवाला.

धाकटा : सगळ्या खाटा, कपाटं माझ्याकडची आहेत. दवाखान्याच्या शेठना काम आवडलं. परवा बोलावून म्हणाले, आता घरचेच व्हा. माणसाची पारख लागते, ताई.

ताई : मग मला साहेबांना सांगावं लागेल. भावाचा हिस्सा असेल तिथं बहिणीनं तपासायचं नाही, असा नियमच आहे.

धाकटा : सांग की. शेठही तेच म्हणाले.

ताई : काय म्हणाले?

धाकटा : तुमच्या ताई सरळमार्गी, कळल्याबरोबर स्वतःहून बाजूला होतील. कौतुकानं म्हणाले गं.

ताई : आणखी?

धाकटा : त्यांच्या जागी तुमच्याच ऑफिसातले नाना येतील म्हणे. ते समजूतदार आहेत.

ताई : मी अजून तोंड उघडलं नाही, आणि माझ्या जागी कोण येणार हे शेठना ठाऊक?

धाकटा : म्हणजे?

ताई : तुला आत घेतलं ते मला बाहेर काढायला.

धाकटा : आणि माझं काम आवडलं म्हणाले, ते?

ताई : काम तुझं चांगलंच आहे. त्याचा इथं संबंध नाही.

धाकटा : मग सांगूच नकोस. गुपचूप तूच तपास आणि नापास कर.

ताई : उद्या तेच बोंब मारतील, बाईंनी भावाचा हिस्सा लपवला म्हणून. तपासणी रद्द, वर मीच चोर. इकडे आड, तिकडे विहीर. तुझ्या बायकोचं बाळंतपण कुठं ठरलंय?

धाकटा : तिथंच. चौथ्या मजल्यावर. शेठनी खोली राखून ठेवलीय.

ताई : बरं.

धाकटा : असं बघू नकोस माझ्याकडं.

ताई : माझ्याबरोबर चल. हिश्शाचं मी सांगते. नानांचं नाव कुणी घेतलं, ते तू सांग.

धाकटा : भागीदारी जाईल.

ताई : जाईल.

धाकटा : हात धुऊन मागं लागतील ते माझ्या.

ताई : लागतील. खोटा धीर कशाला देऊ?

धाकटा : चल. मला पुन्हा विचार करायला लावू नकोस.

(साहेबांची खोली. दोघंही उभे.)

साहेब : स्वतःहून आलात, हे उत्तम केलंत बाई. आजपासून ती तपासणी तुमच्याकडे नाही.

ताई : मग कुणाकडे, साहेब?

साहेब : बघू. नाना मोकळे आहेत.

धाकटा : साहेब, हे शेठनी मला परवाच सांगितलं होतं.

साहेब : काय सांगितलं होतं?

धाकटा : ही बाजूला होईल आणि नाना येतील. त्यासाठीच मला भागीदार केलंय. विचाराल तिथं मी हे सांगायला तयार आहे.

साहेब : बसा. बसा तुम्ही, पाणी घ्या. बाई, बाहेर कोण आहे?

ताई : सगळं ऑफिस आहे.

साहेब : मग दार लावून घ्या.

ताई : उघडंच राहू द्या, साहेब. तू सांग रे, जरा मोठ्यानं.