बघणं माझ्या पदरचं

मंडळी, आणि प्लॉटवरच्या माझ्या आयाबायांनो,

पारावर एवढी माणसं बसली आहेत आणि कुणी खोकतसुद्धा नाही. मला सवय आहे ती ओरडून बोलायची. इथं कोणत्या आवाजात बोलू, खरंच कळत नाही.

ही सभा बायांनी ठरवली. मजूर बाईसाठी शोकसभा, आपल्या गावात हे पहिल्यांदाच. त्या माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "साहेब, तुमीच बोला." मी म्हणालो, मी कशाला? तर म्हणाल्या, "तुमालाच बोलाया पायजे." का, ते त्यांना माहीत आहे. आज तुम्हालाही सांगतो.

कौसाबाई माझ्या हाताखाली सात सीझन होती. बियाण्याच्या कपाशीच्या प्लॉटवरचं काम कसं असतं, ते इथं बहुतेकांना ठाऊक आहे. दुपारी मादीच्या ओळीतल्या कळ्या सोलायच्या, उमलायच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतली ताजी फुलं तोडायची आणि त्यांचा पराग त्या सोललेल्या कळ्यांना लावायचा. ऊन चढलं की पराग वाया. म्हणून सकाळी घाई. त्या घाईवर सुपरवायझर मी.

आणि ही बाई सकाळी बांधावर आली की बाकीच्यांना अडवायची. "थांबा गं. आदी बगून घ्या, मंग तोडू." नराच्या ओळी पांढऱ्या-पिवळ्या फुलांनी भरलेल्या असायच्या. फुलात मधमाशी असली तर ती निघेपर्यंत कौसाबाई फुलाला हात लावायची नाही. "तिचं होऊ दे की, जल्दी काय हाय?" आदल्या दिवशी तोडायचं राहिलेलं फूल गुलाबी झालेलं दिसलं की सगळ्यांना दाखवायची. रोज दाखवायची! दुपारी फडकं सोडलं की आधी भाकरीचा वास घ्यायची. स्वतःच्याच हातची भाकरी, पण डोळे मिटून वास घ्यायची. बाया हसायच्या. तीही हसायची.

मी हसायचो नाही. मला राग यायचा.

एकदा म्हणालो, "कौसाबाई, फुलं बघायची मजुरी मिळत नाही." तर मला म्हणाली, "मजुरी कामाची घेते, साहेब. बगनं माझ्या पदरचं हाय."

मंडळी, हे उत्तर मला लागलं. चार बायांसमोर लागलं. गेल्या साली भर सीझनमध्ये, अशीच ती सगळ्यांना थांबवून उभी होती, आणि मी म्हणालो, उद्यापासून येऊ नको. आसारामभाऊ, तुमच्या घरधनिणीला मी कामावरून काढलं. काम कमी होतं म्हणून नाही. तिचं काम वाईट होतं म्हणूनही नाही. तिच्या हातच्या कळ्या बिलकुल वाया जायच्या नाहीत. माझा अहंकार दुखावला म्हणून काढलं. हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर उभी. मी लांबूनच ओरडलो, "सांगितलं ना, येऊ नको म्हणून?"

म्हणाली, "कामाला न्हाई आले, साहेब. बगाया आले."

मी पाठ फिरवली. ती थोडा वेळ थांबली आणि दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली. सीझन संपेपर्यंत रोज आली. रोज मी पाठ फिरवली.

या उन्हाळ्यात कळलं, ती आजारी आहे. मनात आलं, यंदा तिला परत बोलवू. नक्की बोलवू. फुलं लागली की निरोप देऊ. गावात फोन एकच, तोही पोस्टात, पण निरोपाला फोन कशाला हवा होता? तिच्या दारावरून माझी मोटारसायकल रोज दोनदा जाते. थांबून एक हाक मारायची होती. आज नको, उद्या. उद्या नको, फुलं लागू दे. फुलं लागायच्या आधीच ती गेली.

तिसऱ्याच्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा आसारामभाऊंनी मला चहा पाजला. मला, हो! आणि सहज सांगितलं, "ती रोज इचारून राह्यल्ती, साहेबाचा निरोप आल्ता का?"

मी कपबशी खाली ठेवली आणि निघालो.

परवा फुलं लागली. आज सकाळी बाया यायच्या आधी मी एकटाच नराच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ही काय बघत होती ते आपणही बघावं. एका फुलात वाकून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मंडळी, खोटं बोलत नाही, मला काहीच दिसलं नाही. फूल दिसलं. त्याच्या परागात किती कळ्या भागतील, ते दिसलं. तिला दिसायचं ते मला दिसलं नाही. सात सीझन ती माझ्या बाजूला उभी होती. "काय बघतेस गं?" एवढं विचारलं असतं तर तिनं दाखवलं असतं. बराबर दाखवलं असतं. आता कुणाला विचारू?

आसारामभाऊ, मी तुमची माफी मागतो. तिची मागायची होती, त्याला उशीर केला. तुम्ही माफ केलं नाही तरी चालेल, मला त्याचं वाईट वाटणार नाही.

आता आपण तिच्यासाठी उभं राहू. किती वेळ, ते मी सांगणार नाही. घड्याळ बघून माणसांना हाकायचं काम मी पुष्कळ केलं. मी घड्याळ काढून ठेवतो. बायांनो, तुमचं झालं की तुम्ही बसा. मंग आम्ही बसू.