विनापरवानगी मशीन बंद केल्याबद्दल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या देवळीच्या या जिनिंगचे मालक माननीय भैयाजी. त्यांच्या शेजारी विराजमान मजूर-ठेकेदार श्री. भूपेंद्रजी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती डोमाजी फिटर आणि सौ. वहिनी, आणि समोर सतरंजीवर, कापसाच्या धुळीनं खोकत का होईना, पण शिस्तीत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी इथला कारकून. सव्वीस वर्षं लिहीत आलो. बोलायची पाळी आज पहिल्यांदा आली.

अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, की दहा वर्षांत या जिनिंगमध्ये एकही अपघात झाला नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. अपघातांची नोंदवही माझ्याच अक्षरात आहे, तेव्हा मला वाजवणं भागच होतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत कापसाचे ढीग छताला टेकले होते. यशोदाबाई मशिनीत कापूस टाकत होत्या. मशिनी फिरवणाऱ्या दांड्याला जाळी नव्हती. पदर त्यात गेला आणि बाई ओढल्या जाऊ लागल्या. डोमाजींनी धावत जाऊन मुख्य खटका पाडला. चोवीसच्या चोवीस मशिनी थांबल्या. बाई वाचल्या, उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली.

अशा माणसाला काय द्यावं, सांगा बरं? आम्ही मेमो दिला. ‘विनापरवानगी मशीन बंद केल्याबद्दल’ चार दिवस निलंबन. टाइप मीच केला. नोंदवहीत त्या तारखेपुढे लिहिलं, ‘निरंक’. बाई घरी पडल्या, असं वरून ठरलं होतं. वरून म्हणजे कुठून, हे विचारायची मंचावर पद्धत नसते.

मेमो वाचून डोमाजी म्हणाले, “बाबूजी, पुढच्या वेळी परवानगी कोनाले मागू? त्या दांड्याले?”

निलंबनाच्या चार दिवसांत त्यांनी भंगारातल्या पत्र्याच्या जाळ्या ठोकल्या, आणि पाचव्या दिवशी न विचारता बसवल्या. त्याचा मेमो द्यायचा मात्र राहून गेला.

पुढे दोन हजार तीनमध्ये नव्या मशिनी आल्या. जुन्यांबरोबर त्या जाळ्याही भंगारात गेल्या. मजूर तेच राहिले. फक्त आमच्या हजेरीपटावरून उतरून भूपेंद्रजींच्या ठेक्यात गेले. आता त्यांना काही झालं, तर आमच्या वहीत येतच नाही. सुरक्षितता इतकी वाढली!

आता आज सकाळचं सांगतो. कापूस वर नेणाऱ्या पट्ट्याच्या साखळीवरची जाळी सफाईला काढली होती. ती न बसवताच मशीन सुरू झाली. ठेक्यावरच्या सपनानं लाल बटण दाबलं.

ठेकेदारांचा मुकादम ओरडला, “काऊन बंद केली? कोनाले विचारलं?”

“जाळी नाई लावली. लावा, मंग सुरू करतो.”

“उद्यापासून येऊ नको तू!”

यशोदाबाई आता इथं झाडलोट करतात. त्या झाडू ठेवून सपनाजवळ गेल्या. “मंग मी बी नाई येत,” म्हणाल्या. एकेक करून सगळ्या बायका तिथं उभ्या राहिल्या. डोमाजी सत्काराच्या कोऱ्या सदऱ्यात पाना घेऊन साखळीखाली शिरले.

मला भैयाजींच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. सपनाच्या नावानं कडक पत्र टाइप करायचं होतं. मी माझ्या टेबलाशी परत आलो, पण टाइपरायटरवरचं कापड काढवेना. मग नोंदवही काढली, सत्त्याण्णवचं ‘निरंक’ खोडलं आणि जे घडलं ते लिहून खाली सही केली. अक्षर जरा वाईट आलंय.

भैयाजींनी ते अजून वाचलेलं नाही. ते आत्ताच ऐकताहेत.

डोमाजी, आम्हाला तुम्ही पुष्कळ सांभाळलंत. तुमचे आभार मानायलाही उशीरच झाला. हार आणणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे आणि अजून मला खाली न बसवणाऱ्या अध्यक्षांचे मनापासून आभार.

कार्यक्रम सव्वा तास उशिरा सुरू झाला, कारण जाळी बसेपर्यंत बायका जागच्या हलल्या नाहीत. त्या उशिराची माफी मी मागत नाही. बाकी माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला.