चेहरा दाखवा, पैसे काढा

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक वहिनी आणि त्यांचे दीर बसले होते. वहिनींच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे हातात धरलं होतं.

"भाऊजी, उद्या पैसे भरले नाहीत तर डाव्या डोळ्याची तारीख जाईल. शेअर विकून आठवडा झाला, पैसे अजून त्या ॲपमध्येच."

"वहिनी, बँकेत पाठवण्याआधी ते कॅमेऱ्यात चेहरा बघतात. दोन्ही डोळे उघडे लागतात."

"भरताना कोणी बघितला होता चेहरा? तुम्ही सोफ्यावर लोळत अंगठा दाबलात आणि माझे पैसे गेले."

"काढताना बघावंच लागतं. चोर असला तर?"

"चोराला दोन्ही डोळे असतात. त्याला देतील."

"अहो, नियम आहे तो."

"मग खातं उघडा म्हणून मागे लागलात, तेव्हा का मिठाची गुळणी धरली होती?"

"मला तरी कुठे माहीत होतं? मी अजून एकदाही काढले नाहीत."

"म्हणजे तुमचेही अडकलेत."

"अडकले नाहीत, वाढताहेत."

"वाढू देत. माझे तेवढे बाहेर काढा."

"त्यांच्या ऑफिसात परत फोन करू या का?"

"सकाळीच केला. तिथली बाई म्हणाली, दोन्ही डोळ्यांनी नीट दिसायला लागलं की या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नीट दिसायला लागल्यावर तुमच्याकडे पैसे ठेवीन का?"