सासूकंदाचं डोकं

संपला म्हणतोय ना, बाय. सासूकंद नाही आता आमच्या डोंगरावर. तुझा साहेब तीन वर्षांपूर्वी आला होता, त्यानेच शेवटचा नेला, मुळासकट — आणि आता तू त्याची विद्यार्थीण, कासाहून जीपने येतेस, चढ चढून घामाघूम होतेस आणि मला म्हणतेस, चैत्याबाबा, वेल दाखवा, फूल पाहिजे. तुमच्याच कपाटात बघा की. बस, ओटीवर बस, पाणी पी. पाण्याला ना नाही. वेल नाही.

मघाशी काय म्हणालीस? कुणी दुसरा मोठा साहेब म्हणतो हा कंद वेगळा नाहीच, जुन्याच जातीतला आहे, आणि फूल मिळालं नाही तर ठेवलेलं नाव पुसून टाकतील — पुसू दे. नाव तरी काय ठेवलं होतं? साहेबाच्या सरांचं. सरांनी कधी कंद खणला? नाही. डोंगर बघितला? तोही नाही, गुडघे दुखतात म्हणे त्यांचे. आमच्या बायका सासूकंद म्हणतात — का, तर तीन पाण्यांत उकडा, राख लावा, ओढ्यात टोपलीत भिजत ठेवा, तरी घशाला खाजवल्याशिवाय राहत नाही. आता तुमच्या सरांच्या नावाने डोंगरावर हाक मार, बघू कोण काय खणून आणतं ते. मी चैतात झालो म्हणून चैत्या, बहीण सोमवारची म्हणून सोमी. नाव हाक मारायला असतं, बाय. तुमचं नाव मला वाचून दाखवलंस दोनदा, माझी जीभच वळली नाही.

आणि म्हणे जो पहिल्यांदा नाव ठेवतो त्याचं टिकतं, असा नियम आहे. पहिल्यांदा? माझ्या आजीच्या सासूला कुणी सांगितलं नाही वाटतं. कागदावर नव्हतं — बरं. कागदावर नव्हतं म्हणजे नव्हतंच.

तानी होती तेव्हा. माझी बायको. साहेबाला वाट मीच दाखवली, पण वेल ओळखला तिने, वाळलेल्या पानावरून, पावसाळा सरला होता, फूल कुठलं असणार. साहेब पानाचे केस मोजत बसला भिंगातून, वहीत लिहीत होता — मग सांगतो, याचं कूळ अमुक. तानी म्हणते, कूळ कशाला विचारता, सोयरीक जमवायची आहे का? (हसला नाही तो. तू हसलीस, बरं वाटलं.) मग कंद काढला, तर माप लिहायला पट्टी नव्हती जवळ. तानीला म्हणाला, हात ठेवा शेजारी, फोटो काढतो. दाखव तो कागद — हा बघ, हा. मनगटावर पाच टिंबं गोंदलेली, तोच हात. खाली काय लिहिलंय, वाच. कंद, डोंगर, तालुका, तारीख, साहेबाचं नाव. आणि हात? हात कुणाचा ते नाही. पट्टी कुणाची ते कोण लिहितं!

काय काय वेगळं म्हणून नवी जात ठरवली, तेही वाच ना. मराठीत सांग. पान असं, केस असे… हां. पुढचं परत वाच. कंदाचं वरचं टोक सपाट? कापल्यासारखं सपाट? अगं बाय — हे छापलंय? पुस्तकात? हीच मुख्य खूण?

थांब, हसू दे मला. खूप दिवसांनी हसतोय.

अगं, कापल्यासारखं नाही, कापलेलंच. तानीने कोयत्याने कापलं! आमच्यात अख्खा कंद काढत नाही कुणी. वरचं डोकं मोडून परत मातीत द्यायचं, तरच पुढच्या वर्षी वेल येतो, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साहेब म्हणाला पूर्ण पाहिजे, मुळासकट. तिने हो म्हटलं. साहेब चष्मा पुसत होता तेवढ्यात एक घाव, डोकं पदरात, कंद पिशवीत. शहरात पाच-सहा शिकलेली माणसं त्या मुंडक्याविना कंदाभोवती बसली असतील, आणि कुणाला वाटलं नाही विचारावं की याचं डोकं कुठंय. डॉक्टर आहेत ना सगळे?

कुठे गेलं म्हणजे? लावलं तिने. तिनेच आळं केलं, आणि पुढच्या पावसात वितीएवढा कोंब वर आला तोवर ती गेली, ताप डोक्यात गेला. मग पाणी मी घालतो. दोन वर्षं नुसती पानं, मी म्हटलं वांझ आहे की काय, आणि यंदा भादव्यात तुरे लोंबायला लागले, हिरवे, बारीक, सकाळी मुंग्या —

झालं. बोललो ना मी.

परसाकडे बघू नकोस. इकडे बघ. मला एक सांग, खरं सांग, बाय — नाव पुसलं तर हा कागदही रद्द होतो? कुणी वाचत नाही मग? आणि फोटो? आधारकार्डावर तिचे डोळे मिटलेले आलेत, कुणाचीही बायको वाटते. हात मात्र तिचाच आहे.

फुलाने नाव टिकेल, असं नक्की नाही म्हणतेस. टिकेल किंवा जाईल, बघितल्याशिवाय कळत नाही — हे बरं केलंस, खोटं बोलली नाहीस. पण फुलाबद्दल नवा कागद निघेल, त्यात जुना फोटो घालता येतो? खाली तिचं नाव? तानी एवढंच घाल. श्रीमती-बिमती नको. आणि त्या सपाट टोकाचं साहेबाला तूच सांग, माझ्या नावाने सांग, त्याचं तोंड बघायला मी नाही एवढंच वाईट वाटतं.

आता मी आत जातोय. चूल पेटवायला मला वेळ लागतो, धूर झाला की डोळ्यांना दिसत नाही. एकच तुरा. कोयता लावायचा नाही, मातीला बोट नाही. मी बाहेर येईन तेव्हा तू उतार उतरत असली पाहिजेस, आणि मागे वळून आभार मानू नकोस, मला आवडत नाही. ऊठ.