न वाचलेली तीन अक्षरं

आम्ही इथलेच, म्हैसूरचेच. आमचे जुने लोक राजाच्या फौजेत घोड्यावर होते म्हणून सांगतात, घोडे गेले, फौज गेली, मराठी तेवढी घरात राहिली आणि तीसुद्धा आता निम्मी कन्नड. तुम्ही पुण्याकडच्या, तुम्हाला हसू येत असेल, येऊ दे, सुम्मने, आहे तसं गुमान लिहून घ्या. माझं नाव मात्र घालू नका ताई. नाव घालण्यासारखं यात काही नाही.

पंचवीस वर्षं मी एका नर्सिंग होममध्ये आया होते. कन्नड शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी येत नाही, पण रोज बघून बघून काही इंग्रजी शब्द डोळ्यांच्या ओळखीचे झाले होते, वाचता येतात म्हणून नाही, माणसाचा चेहरा ओळखावा तसे. त्यातले दोन म्हणजे अँटीबॉडी आणि पॉझिटिव्ह. तेव्हा हे दोन एखाद्या फायलीत आले की सिस्टर आम्हाला कोपऱ्यात बोलवायची आणि हळूच सांगायची, पॉझिटिव्ह आहे, हातमोजे घाला, बाहेर बोलू नका. एड्सचा रोग, पण नाव कोणी घ्यायचं नाही. एकत्र जेवून काही होत नाही हेही तिनेच शिकवलं होतं. आणि आम्ही आया चहा पिताना त्या बायकांबद्दल काय काय बोलायचो, ते आठवलं की अजून कान तापतात माझे.

मुलगी एकच, सुमा. हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच. ती येलवालला एका शाळेत शिकवते, बसने जाते येते. गेल्या वर्षी काय झालं तिला कोण जाणे, शाळेतून आली की पडून राहायची, केस मूठ मूठ गळायचे, लोक पंखा लावून बसायचे तेव्हा ही स्वेटर घालायची, बोलणंसुद्धा हळू झालं. आणि मी काय म्हणायचे, सोमारी. आळशाला म्हणतात कन्नडात. सोमारी झालीय आमची, म्हणून शेजारणीला सांगायचे, तीही तिथेच उभी असायची. मग अंग सुटलं, दोन महिने पाळी नाही आली, आणि माझं डोकं नको तिकडेच पळालं.

ती आपली आपण डॉक्टरकडे गेली, एकदा रक्त दिलं, परत बोलावून दुसऱ्यांदा घेतलं. मला म्हटली, कागद आलाय, काय ते डॉक्टर शनिवारी सांगणार आहेत अम्मा. सोमवारी मी तिचा डबा धुवायला बॅगेतून काढला तर हाताला तो कागद लागला. उघडला, आणि बघते तर माझे ओळखीचे ते दोन शब्द. अँटीबॉडी. पॉझिटिव्ह. कागद होता तसा घडी घालून परत बॅगेत ठेवला.

तिला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी काय केलं, कपाटातून जुनं ताट काढलं, एका बाजूला चेपलेलं, आणि एक लोटा, आणि ते तिचे म्हणून वेगळे ठेवले. साबण वेगळा. एकत्र जेवून काही होत नाही हे मला माहीत होतं ताई, माहीत असून केलं. पहिल्या दिवशी तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नाचणीच्या उकडीचा गोळा, मुद्दे म्हणतो आम्ही, सारात बुडवून खाल्ला. चार दिवस गप्प खाल्लं. तिला वाटलं अम्मा कशावर तरी रागावलीय. शुक्रवारी ती ताट घासत होती आणि माझ्या तोंडून निघालं, कोणाबरोबर गेली होतीस ते तरी सांग.

ती रडली नाही. उद्या माझ्याबरोबर चल आणि डॉक्टरांनाच विचार, एवढंच म्हटली.

डॉक्टर बाई, माझ्याहून लहानच. मी त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, हिला ते कसं लागलं. त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, मी हसतील म्हणून तयार होते. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि अँटीबॉडीच्या आधीच्या तीन अक्षरांवर पेन ठेवलं, टीपीओ. म्हटल्या, अम्मा, अँटीबॉडी म्हणजे अंगातला शिपाई, तो कोणावर चालून गेलाय ते इथे लिहिलेलं असतं. हिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ असते ना, सगळ्यांनाच असते, तिच्यावरच हिचे शिपाई चालून गेलेत. पहिल्या रक्तात थायरॉइड कमी पडतंय असं दिसलं, का पडतंय ते बघायला ही दुसरी तपासणी. म्हणून थकवा, म्हणून केस, म्हणून पाळी. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची.

मग पेन खाली ठेवून म्हटल्या, आणि तुम्हाला वाटलं ते असतं तरी ताट वेगळं काढायचं होतं का?  चहा पिताना ज्यांच्याबद्दल बोलायचो त्या सगळ्या बायका डोळ्यांपुढे आल्या.

हे घराण्यात असतं, तुमचंही रक्त बघू म्हटल्या. माझा कागद सुमाच घेऊन आली. तिने वाचला, आणि नेहमी बोलते तशा आवाजात म्हटली, पॉझिटिव्ह, अम्मा. शिपाई माझ्यातही आहेत, माझंच तिच्यात गेलंय. माझं थायरॉइड अजून नीट चालतंय म्हणून गोळी नाही, वर्षातून एकदा तपासायचं. मी वाट बघत होते ताई, खरंच वाट बघत होते, की आता ती मला विचारेल, कोणाबरोबर गेली होतीस. विचारायला हवं होतं तिने. तिने माझं ताट घेतलं, नेहमीचंच, आणि मला जेवायला वाढलं.

आता ती पुष्कळ बरी आहे, चालते भरभर, देव तिला तशीच ठेवो. माफी मागायला मी दोनदा तिच्याजवळ गेले, आणि गोळी घेतलीस का एवढंच विचारून आले. तिच्या हाताला अजून तेच चेपलेलं ताट येतं, स्वतःच काढते. मी म्हणते, मगळे, पोरी, दुसरं घे ना गं. तर म्हणते, इरली अम्मा, राहू दे, सवय झालीय. रागाने नाही म्हणत. रागाने म्हटली असती तर मी ते ताट कधीच टाकून दिलं असतं.