आधी खूर, मग शिंगं

अध्यक्षस्थानी बसलेले मधुकरराव, सरपंच रत्नमालाताई, नागपूरच्या कार्टून कंपनीतून आलेल्या कामिनी मॅडम, काँप्युटर क्लासचे मनिष सर, आणि समोर सतरंजीवर बसलेली माझी सानगडीची सारी माणसं, या सुशीलाबाईचा सगळ्यांले नमस्कार.

एवढी नावं घेताघेताच दम लागला. चार दिवस झाले, घरात पाहुणे, पोरीची बॅग, पोरीचे पापड. माझे गुडघे आता उभं राहून बोलाच्या कामाचे नाहीत. खुर्चीतूनच बोलते, अध्यक्षांनी राग मानू नये. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हाती माईक देला, तर तेवढं सोसाच लागते.

आज निरोप माझ्या नातीचा, दामिनीचा. उद्या ती मॅडमच्या कंपनीत जाऊन राहिली, चित्रं चालवाले. मले आनंद नाही का? आनंद एवढा, का घरोघरी सांगून सांगून घसा बसला.

आमच्या घरी पोळ्याले भिंतीवर बैलजोडी काढतात. छुईच्या मातीनं भिंत पांढरी कराची, शिंदीची काडी ठेचून तिची कुची कराची, गेरूत बुडवाची. मी खाली बसून काढते, म्हणून आधी खूर, मग पाय, मग पोट, अन् शिंगं शेवटी. सासूबाई म्हणत, "आधी बैल उभा कर, मग त्याले सजव." सहा वर्षांपासून माझा खांदा वर जात नाही. तेव्हापासून पोटापर्यंत मी काढते, वरचं दामिनी उभी राहून काढते. बैल एक, हात दोघींचे.

आता कंपनीची गोष्ट. मॅडमनं परीक्षा म्हणून सांगितलं होतं, धानाच्या रोवणीच्या चिखलातून बैल चार पावलं चालवून दाखव. पोरीनं काँप्युटरवर केला, पाठवला, वापस आला. दुसऱ्यांदा केला, तोही वापस. मॅडम म्हणे, बैल तरंगून राहिला. आता एकच खेप उरली होती. पोरगी जेवेना. मनिष सर चहा पिऊन पिऊन काळे पडले. हसा सर, खरं आहे ते.

मी गेली क्लासमध्ये पाहाले. बैल देखणा होता, शिंगं तर नवरदेवाच्या बाशिंगावानी. पण चाले कसा, तर साबणाच्या फरशीवरून घसरल्यावानी. मी विचारलं, सुरुवात कोठून केली? म्हणे डोक्यापासून, सगळे तशीच करतात. मी म्हटलं, खुरापासून कर.

"आजी, ही भिंत नाही, काँप्युटर आहे."

"मंग त्यातला चिखल काय सिमेंटचा आहे?"

सर हसले, पोरगी नाही हसली. तिनं आपली ती काँप्युटरवर चित्र काढाची काचेची पाटी जमिनीवर ठेवली अन् पेन माझ्या हाती देला. मी सवयीनं पेन पाण्याच्या गिलासात बुडवला. सर असे धावले, जसं लेकरू विहिरीत पडलं.

मग मी खूर काढला. चिखलातून पाय निघाच्या आधी सारा भार बाकीच्या तीन पायांवर जाते, खांदा खचते, मग पाय सुटते. हे मले कोणी शिकवलं? पस्तीस वर्षं रोवणी केली मी. संध्याकाळी बांधीतल्या चिखलातून पाय उपसताना माझाही खांदा तसाच खचे. दामिनीनं दोन दिवस नुसते पायच काढले, एका पावलाले बारा चित्रं, अन् मग त्यावर बैल ठेवला. या खेपेले बैल वापस नाही आला, पोरीलेच बोलावणं आलं.

आता एक मागणं, मॅडम, साऱ्यांसमोर. पोळा पंधरा दिवसांवर आला. पोरगी म्हणते, नवीन नोकरीत सुट्टी कशी मागू? वरचा अर्धा बैल मी काँप्युटरवर काढते, कागदावर छापून पाठवते, तू चिकटवून टाक. तुम्हीच सांगा, ओल्या छुईवर कागद टिकते का? आमचे घरचे, दामिनीचे आजोबा, म्हणाले, सभेत हे काढू नको, पोरीले लाज वाटन. ते पाहा मागं बसले, खाली मान घालून. पण मॅडम मले दुसरीकडे कुठं भेटणार होत्या?

एक दिवस द्या पोरीले. भिंत मी पोतून ठेवीन, पोटापर्यंत बैलही काढून ठेवीन. नाही आली, तर वरची भिंत कोरी राहीन, दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाही. कोणी विचारलं तर सांगीन, पाय घरी आहेत, डोकं नागपूरले गेलं.

मनिष सरांचे उपकार आहेत. मॅडमचे, सरपंचबाईंचे अन् एवढा वेळ बसून ऐकलं त्या सगळ्यांचे आभार. बोलता बोलता काही जास्तीचं निघालं असल, तर थकलेल्या म्हातारीचं समजून पोटात घाला.

दामिनी, बैल मी उभा करून ठेवते. सजवाले तू ये.